कॅम्पर ट्रकवरून उतरवावा की ट्रकवरच राहू द्यावा?

माळरान (११ जून)

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही एक वापरलेला ट्रक कॅम्पर घेतला. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिकअप ट्रकच्या हौद्यात सरकवून बसवायची ही एक छोटी खोली असते. तिला स्वतःची चाके नसतात. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते जमिनीला टेकवून खोली वर उचलली की ट्रक तिच्याखालून पुढे काढून घेता येतो आणि खोली त्या चार पायांवर उभी राहते. आमचा कॅम्पर पक्क्या भिंतींचा असून पाणी आणि सामान धरून त्याचे वजन काट्यावर २,९०० पौंड भरले. ट्रक ‘एक टनी’ म्हणवल्या जाणाऱ्या जड पिकअपच्या वर्गातला, चार दारांचा आणि आखूड हौद्याचा आहे.

जुलैमध्ये आम्ही डेन्व्हरहून मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. तिथे एकाच कॅम्पग्राउंडमध्ये सलग पाच रात्री मुक्काम आहे. जाताना दोन आणि येताना दोन रात्री वाटेत काढायच्या आहेत. बरोबर पत्नी, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुले, आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी ७४ वर्षांची आई असेल.

माझे मत असे आहे की पाच दिवस एका जागी राहायचे असेल तर कॅम्पर उतरवून ट्रक मोकळा करावा. पत्नीला ते मान्य नाही. चार पायांवर उभ्या असलेल्या घरात दोन मुले उड्या मारत असताना आपल्याला झोप लागणार नाही, असे ती म्हणते, आणि तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

घाटमाथा (११ जून)

बारा वर्षे कॅम्पर वापरतो आहे. मी तीन रात्रींचा हिशेब ठेवतो. एका जागी एक रात्र असेल तर हात लावत नाही. दोन रात्री असतील तर जागा पाहून ठरवतो. तीन किंवा अधिक रात्री असतील आणि दिवसा गाडी लागणार असेल, तर उतरवतो. तुमच्या पाच रात्री आहेत, तेव्हा उतरवाच. मात्र वाटेतल्या चार रात्री तो विचार मनातही आणू नका.

उतरवताना घाई नको. आधी कॅम्परची ट्रकला जोडलेली विजेची केबल सोडवा. हे मी मुद्दाम सर्वांत आधी लिहितो आहे, कारण टर्नबकल (कॅम्पर ट्रकला आवळून धरणारे पेच) सोडायला सगळ्यांच्या लक्षात राहते, जॅकही लक्षात राहतात, आणि केबल मात्र हौद्याच्या कोपऱ्यात दिसत नाही. माझी केबल एकदा अशीच ताणून तुटली आणि पुढचे दोनशे मैल कॅम्परचे मागचे दिवे नसल्यामुळे मला फक्त उजेडात गाडी चालवावी लागली.

चारही जॅक थोडेथोडे, बरोबरीने वर घ्या. पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा नेहमी किंचित उंच ठेवा. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते: वजन उतरत जाते तसे ट्रकचे पाटे (स्प्रिंग) मोकळे होतात आणि हौदा कॅम्परच्या पाठोपाठ वर येतो. त्यामुळे वाटते त्यापेक्षा बरेच जास्त उचलावे लागते. मध्ये दोन बोटांची फट सगळीकडे दिसेपर्यंत ट्रक हलवू नका.

पाणसळ (११ जून)

तुमच्या पत्नीची शंका अगदी योग्य आहे, आणि तिचे उत्तर उंचीत आहे. ट्रक काढून घेतल्यावर कॅम्पर त्याच उंचीवर ठेवला तर जॅक पूर्ण लांबीपर्यंत बाहेर आलेले असतात, आणि लांब बाहेर आलेला पाय बाजूच्या धक्क्याला कमजोर असतो. जॅक सरळ खाली येणारे वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात. आडवा जोर हे त्यांचे दुखणे आहे. मुले एका बाजूकडून दुसरीकडे पळतात तेव्हा नेमका तोच आडवा जोर येतो.

म्हणून ट्रक बाहेर काढल्यावर लगेच कॅम्पर खाली घ्यावा, तळ जमिनीपासून वीतभर उंचीवर येईपर्यंत. मग तळाखाली पुढे आणि मागे मजबूत लाकडी ठोकळे रचून त्यांच्यावर थोडे वजन टेकू द्यावे. सगळे वजन ठोकळ्यांवर नको, सगळे जॅकवरही नको. एवढे केले तर डोलणे इतके कमी होते की मुलांच्या उड्यांनी फार तर चहाचा कप थरथरेल.

उचलण्यापूर्वी पाण्याची टाकी शक्य तितकी रिकामी करा. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे असते. ४० गॅलनची टाकी भरलेली असेल तर सव्वातीनशे पौंडांहून अधिक जादा ओझे तुम्ही विनाकारण चार स्क्रूंवर टाकत असता. कॅम्पर खाली घेतल्यावर टाकी पुन्हा भरायला हरकत नाही. कॅम्परच्या पुस्तिकेत जॅकवर उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये राहण्याबद्दल काय लिहिले आहे तेही आधी वाचा; सगळ्या कंपन्यांचे म्हणणे सारखे नसते.

गोदाकाठ (१२ जून)

जॅकच्या प्रत्येक पायाखाली फूटभर रुंद आणि फूटभर लांब जाड प्लायवूड ठेवा. जमीन कितीही टणक वाटली तरी ठेवा.

वायव्यवारा (१२ जून)

गोदाकाठ यांच्या एका ओळीमागे किती अर्थ आहे ते मी सांगतो. मार्च महिन्यात आम्ही युटामध्ये मोॲबच्या बाहेर सरकारी मोकळ्या जमिनीवर उतरलो होतो. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या शेफर ट्रेलवर ट्रक न्यायचा होता. तो रस्ता कड्याच्या पोटातून वळणावळणांनी खाली उतरतो. डोक्यावर कॅम्पर घेऊन तिथे जाण्याचा विचारही करवत नाही. म्हणून कॅम्पर उतरवला. जमीन लाल, कोरडी आणि टाचेखाली टणक लागत होती. प्लायवूड गाडीत होते, पण काढले नाही. कॅम्पर फार खालीही घेतला नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलायचाच होता.

रात्री एकच्या सुमाराला वारा सुटला. तिकडे वसंत ऋतूत वारा कसा असतो हे जाणाऱ्यांना ठाऊक आहे. खोली हलू लागली, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी मागच्या डाव्या पायाखालची माती थोडीथोडी बाजूला होत गेली. वरचा कडक पापुद्रा बोटभर जाडीचा होता आणि त्याखाली नुसती वाळू होती. जाग आली तेव्हा मी अंथरुणावर पत्नीच्या अंगावर घरंगळलो होतो. सिंकमधला चमचा आपोआप सरकत कोपऱ्यात जाऊन वाजला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. आम्ही अंधारात, टॉर्च दातात धरून, बाकीचे तीन पाय इंचइंच खाली घेतले आणि तळ जवळजवळ जमिनीला टेकवला. काही तुटले नाही. परंतु त्या रात्री ट्रकवर असतो तर उठावेही लागले नसते.

मी उतरवण्याच्या विरोधात नाही. वाळूत आणि वाऱ्यात उतरवण्याच्या विरोधात मात्र ठामपणे आहे.

चालतेघर (१२ जून)

मी नऊ वर्षांत एकदाही मुक्कामावर कॅम्पर उतरवलेला नाही, आणि उतरवणारही नाही. ट्रक कॅम्पर घेण्यामागे माझे एकच कारण होते: कोणत्याही क्षणी पुढच्या सीटवर बसून निघता यावे. मागे ओढायची ट्रेलर हवी असती तर ती कमी पैशांत आणि जास्त जागेत मिळाली असती. ज्याला रोज ट्रक मोकळा हवा आहे त्याने ट्रेलरचाच विचार करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पश्चिमेकडच्या जंगलांत आता वणव्यांचा विचार केल्याशिवाय चालत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतात क्रीक फायर नावाचा वणवा भडकला तेव्हा मॅमथ पूल जलाशयापाशी सुट्टीसाठी आलेल्या लोकांचा रस्ता आगीने बंद झाला, आणि दोनशेहून अधिक माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा वेळी ज्याचे घर ट्रकवर आहे तो पहिल्या बातमीला निघतो. ज्याचे घर चार पायांवर आहे तो आधी जॅक वर घेत बसतो.

घाटमाथा (१२ जून)

चालतेघर, वणव्याचा मुद्दा मोठा आहे, पण त्याचे उत्तर वेगळे आहे. आग आली तर कॅम्पर तिथेच सोडून ट्रकमध्ये बसायचे आणि निघायचे. विमा त्यासाठीच असतो. उलट, रिकामा ट्रक अधिक वेगाने आणि अधिक अरुंद रस्त्याने निघू शकतो. घर वाचवायला थांबायचे नाही, हे मात्र घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवले पाहिजे.

चालतेघर (१२ जून)

हे ऐकायला सोपे आहे. ज्या घरात मुलांची पांघरुणे, औषधे आणि पासपोर्ट आहेत ते सोडून जाताना माणूस दहा मिनिटे घुटमळतोच, आणि घात त्या दहा मिनिटांतच होतो. तरीही कागदपत्रे आणि औषधे ट्रकमध्येच ठेवण्याची शिस्त पाळली तर तुमचा मुद्दा मी निम्मा मान्य करीन.

सातमाळा (१३ जून)

मूळ प्रश्न ग्लेशियरचा आहे, म्हणून तिथली मापे आधी पाहावीत. गोइंग-टू-द-सन रस्ता हा सुमारे ५० मैलांचा आहे आणि लोगन खिंडीत ६,६४६ फुटांपर्यंत चढतो. घाटाच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. उंची १० फुटांपेक्षा जास्त असेल तर खिंडीतून पश्चिमेकडे उतरताना डोक्यावर आलेल्या कातळांची अडचण होऊ शकते, असे उद्यानच सांगते. पक्क्या भिंतींचा कॅम्पर ट्रकवर चढवला की १० फूट सहज ओलांडतो, आणि त्याची मागची बाजू हौद्याबाहेर आल्यामुळे लांबीही २१ फुटांच्या पुढे जाते. म्हणजे कॅम्परसकट तो रस्ता तुम्हाला बंदच आहे.

कॅम्पर उतरवला तर आखूड हौद्याचा चार दारांचा ट्रक लांबीत बसतो, पण फार थोड्या फरकाने बसतो. मागे ट्रेलरचा हूक किंवा सायकलचा स्टँड लावलेला असेल तर तोही मोजा. खरी मेख आरशांची आहे. ओझे ओढण्यासाठी दिलेले मोठे आरसे पूर्ण बाहेर काढले तर पुष्कळ ट्रक ८ फुटांच्या पलीकडे जातात. ते आत घेतल्यावर किती माप येते ते घरीच टेपने मोजून निघा.

माळरान (१३ जून)

सातमाळा, मनापासून आभार. मी आजच मोजले. बंपर ते बंपर २० फूट १० इंच आले. हूक काढून ठेवला आहे. आरसे आत सरकवल्यावर आणि घडी केल्यावर आठ फुटांच्या आत येतात, परंतु घडी केलेल्या आरशांनी घाटात गाडी चालवणे मला धोक्याचे वाटते. हा प्रश्न कॅम्परच्या प्रश्नापेक्षा मोठा होऊन बसला आहे.

सातमाळा (१३ जून)

आरसे मिटून घाटात अजिबात जाऊ नका. ते उघडे ठेवून माप बसत नसेल तर उन्हाळ्यात उद्यानाची शटल बस असते. तिचे त्या वर्षीचे नियम पाहून ठेवा. परंतु उद्यानात त्या एका रस्त्याशिवायही पुष्कळ जागा आहेत. पोलब्रिजकडचा भाग, टू मेडिसिन, मेनी ग्लेशियर इथे जाताना मोकळ्या ट्रकचा उपयोग होईलच. पहाटे लवकर निघून पार्किंग मिळवायचे असेल तर घर मागे ठेवून जाण्यासारखे सुख नाही.

उन्हपाऊस (१४ जून)

आमच्याकडे ट्रक मी मागे घेते आणि यजमान खुणा करतात. उतरवण्याबद्दल सगळे लिहीत आहेत. पुन्हा चढवण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. उतरवायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. चढवायला पहिल्या वर्षी आम्हाला तासाहून अधिक वेळ लागत असे, आणि तेवढ्या वेळात जे बोलणे होई ते मुलांनी ऐकू नये असे असे.

कारण हे आहे की कॅम्परचा तळ आणि हौद्यातल्या चाकांच्या कमानी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम इंच-दोन इंच जागा असते. ट्रक एका अंशाने जरी तिरका आला तरी पुढच्या टोकाला तो फरक इंच-दीड इंचाचा होतो. आम्ही हौद्याच्या पुढच्या भिंतीवर बरोबर मध्यभागी पिवळ्या चिकटपट्टीची उभी रेघ मारली आणि कॅम्परच्या पुढच्या अंगावरही तशीच रेघ मारली. आता मी मागच्या काचेतून फक्त त्या दोन रेघा पाहते. यजमान ट्रकच्या मागे उभे न राहता बाजूला, माझ्या आरशात दिसतील असे उभे राहतात, आणि मुठी वळून हात वर केला की मी ब्रेक दाबते. बोलायचे काहीच नाही. आरशात ते दिसेनासे झाले की मी थांबते, हा आमचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

दुसरे असे की जमीन उतरती असेल तर चढवणे फार जड जाते, कारण ट्रक एका पातळीत आणि कॅम्पर दुसऱ्या पातळीत असतो. जागा सपाट नसेल तर उतरवूच नका. आणि निघायच्या दिवशी पाऊस असेल, खाली चिखल असेल, तर आदल्या संध्याकाळीच चढवून ठेवा.

अण्णा_वाईकर (१४ जून)

उन्हपाऊस यांनी लिहिलेले वाचून आमच्या गावची बैलगाडी आठवली. गाडी सोडली की आधी जुवाखाली टेकू आणि चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा अडसर), मग बैलांना पाणी, असा वडिलांचा क्रम होता. सोडलेल्या गाडीत आम्हा पोरांनी मागच्या बाजूला चढायचे नाही, हा दुसरा नियम, कारण मागे वजन पडले की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलंडते. कॅम्पर उतरवल्यावर मागे लोंबणाऱ्या भागातच दार आणि पायऱ्या असतात. तिथे सगळी मंडळी एकदम चढली तर काय होईल, हे पाणसळ यांनी सांगावे.

पाणसळ (१४ जून)

अण्णा, प्रश्न अगदी नेमका आहे. मागचे जॅक साधारणपणे मागच्या कोपऱ्यांपाशी असतात, त्यामुळे उलाळ होण्याची भीती कमी असते. परंतु ज्या कॅम्परला मागे बाहेर काढलेला व्हरांडा किंवा जड पायऱ्या आहेत तिथे जॅकच्या मागे वजन जाते. म्हणूनच पुढे आणि मागे दोन्हीकडे ठोकळे लावायला सांगितले. ट्रकला मात्र उटी लावायलाच हवी: जॅक उचलत असताना ट्रक इंचभर जरी सरकला तरी तो कॅम्परला आडवा धक्का देतो.

निवडुंग (१५ जून)

आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ वाळवंटात राहतो. तिथे आठवडेच्या आठवडे कॅम्पर उतरवलेलाच असतो. ट्रक बाजारहाटाला, डॉक्टरकडे आणि पाणी आणायला लागतो. तेवढ्यासाठी रोज घर बांधून न्यायचे तर सकाळी भांडी बांधा, कपाटे बंद करा, गॅस बंद करा आणि संध्याकाळी परत सगळे मांडा. मुक्काम लांब असेल तर उतरवणे हाच शहाणपणा आहे.

एक अडचण कोणी लिहिलेली दिसत नाही. ट्रकवर असताना इंजिन चालू झाले की कॅम्परची बॅटरी ट्रककडून भरत असते. उतरवल्यावर ती वाट बंद होते. तुमचे जॅक विजेचे असतील तर ते त्याच बॅटरीवर चालतात. पाच दिवस दिवे, पंखा आणि भट्टीचा, म्हणजे खोली गरम करणाऱ्या हीटरचा, पंखा चालवून बॅटरी बसली तर सहाव्या दिवशी कॅम्पर वर उचलणारच नाही. ग्लेशियरच्या आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नसते, हे ध्यानात ठेवा. छतावर सौरपट्टी असेल तर उत्तम. नसेल तर जॅक हाताने फिरवायचा दांडा कुठे आहे ते आजच शोधा; आम्ही एकदा तो दांडा घरी ठेवून आलो होतो आणि शेजारच्या कॅनेडियन गृहस्थांचे ड्रिल मशीन मिळाले म्हणून निभावले.

रानवाट (१५ जून)

उतरवून ठेवलेला कॅम्पर कोणी दुसऱ्या ट्रकवर चढवून नेत नाही का?

निवडुंग (१५ जून)

आमच्या बाबतीत तसे कधी घडलेले नाही. वर उन्हपाऊस यांनी चढवण्याचे वर्णन केले आहे ते वाचल्यावर लक्षात येईल की परक्या ट्रकवर परका कॅम्पर गुपचूप चढवणे सोपे नाही. तरी कॅम्पर अगदी खाली घेऊन ठेवला आणि जॅकचे दांडे व रिमोट ट्रकमध्ये ठेवले की त्याखाली ट्रक शिरूच शकत नाही. राष्ट्रीय उद्यानांत मालमत्ता २४ तासांपेक्षा जास्त वेळ बेवारस सोडता येत नाही, तेव्हा कॅम्पर ठेवून दोन दिवस दुसरीकडे जाण्याचा बेत मात्र करू नये.

कृष्णाकाठ (१६ जून)

माळरान यांनी आईंचे वय लिहिले आहे, आणि माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी इकडे आले होते. कॅम्पर ट्रकवर असताना दारापर्यंत चार उंच, अरुंद पायऱ्या चढाव्या लागत. दिवसा आम्ही हात देत होतो. रात्री मात्र त्यांना कोणाला उठवायचे नसे, म्हणून ते संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नसत. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजले, तेही त्यांच्या ओठांना कोरड पडलेली दिसली म्हणून. पुढच्या मुक्कामावर आम्ही कॅम्पर उतरवून खाली घेतला. एक पायरी राहिली. त्या दिवसापासून ते पहाटे स्वतः उठून बाहेर खुर्ची टाकून बसू लागले.

वणवा, वारा, बॅटरी हे सगळे मुद्दे बरोबर आहेत. पण म्हातारे माणूस बरोबर असेल तर पायऱ्या आधी मोजाव्यात.

माळरान (१६ जून)

कृष्णाकाठ, तुमचे लिहिणे मी आईला वाचून दाखवले नाही, पण पत्नीला दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले की ठोकळे कुठे मिळतात.

चालतेघर (१७ जून)

कृष्णाकाठ यांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही दोघेच प्रवास करतो, त्यामुळे हा विचार मी केलेलाच नव्हता. तुमच्या परिस्थितीत उतरवणे योग्य आहे असे म्हणतो. फक्त पहिल्यांदा हे काम ग्लेशियरमध्ये करू नका. घरासमोर सपाट जागेवर किमान तीनदा उतरवा आणि चढवा, त्यातले एकदा अंधारात. आणि कॅम्पग्राउंडला आधी फोन करून तिथे कॅम्पर ट्रकवरून उतरवण्याची परवानगी आहे का, आणि ट्रक व कॅम्पर वेगवेगळे उभे राहतील एवढी तुमची जागा आहे का, हे विचारून घ्या.

माळरान (३ ऑगस्ट)

परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

चालतेघर यांच्या सांगण्याप्रमाणे घरासमोर चारदा सराव केला. पहिल्यांदा चढवायला ५५ मिनिटे लागली. चौथ्यांदा २५ मिनिटे लागली. उन्हपाऊस यांची पिवळी रेघ दोन्हीकडे मारली. ती नसती तर जमले असते असे मला वाटत नाही.

वाटेतल्या रात्री कॅम्पर ट्रकवरच ठेवला. वायोमिंगमध्ये एका रात्री चांगलाच वारा होता. ट्रकच्या पाट्यांवरही खोली डुलत होती, पण काळजी करण्यासारखे काही नव्हते. त्या दोन रात्री आईसाठी पायऱ्यांपाशी एक जाड लाकडी फळीचा चौथरा केला आणि दाराशी दोरीचा कठडा बांधला. तेवढ्याने भागले, पण तिला चढताना पाहून उतरवण्याचा निर्णय पक्का झाला.

कॅम्पग्राउंडमध्ये आधी विचारून परवानगी घेतली होती. जागा डांबरी आणि जवळजवळ सपाट होती. टाकी रिकामी केली, केबल सोडवली, टर्नबकल सोडवले, मग जॅक. दुपारच्या उन्हात डांबर मऊ झालेले होते. प्लायवूड दोन थरांचे होते म्हणून पाय रुतले नाहीत. तरी सहाव्या दिवशी प्लायवूड उचलले तेव्हा खाली त्याच्या कडांचा पुसट चौकोन उमटलेला दिसला. नुसते जॅकचे पाय असते तर खड्डेच पडले असते. कॅम्पर वीतभर उंचीवर घेतला आणि तळाखाली पुढे दोन, मागे दोन असे ठोकळे लावले. पहिल्या संध्याकाळी पत्नीने मुलांना मुद्दाम आत उड्या मारायला लावल्या आणि स्वतः बाहेर वाकून जॅककडे पाहत राहिली. पाच मिनिटांनी तिने त्यांना थांबवले, ती सगळी तपासणी संपल्यावर. नंतर त्या विषयावर बोलणे झाले नाही.

गोइंग-टू-द-सन रस्त्यावर ट्रक नेला नाही. आरसे उघडे ठेवून माप ८ फुटांच्या वर जात होते, म्हणून बसने गेलो. बाकीचे दिवस मोकळ्या ट्रकने फिरलो. पोलब्रिजचा कच्चा रस्ता, ज्याच्यावर पाट्यासारखे आडवे खडबडीत वळ उठलेले आहेत, तो कॅम्पर घेऊन गेलो असतो तर आतले एकही भांडे जागेवर राहिले नसते.

निवडुंग यांचा मुद्दा खरा ठरला. आमच्या छतावर एकच सौरपट्टी आहे आणि जागा उंच झाडांच्या सावलीत होती. चौथ्या दिवशी बॅटरी बरीच उतरली. त्या रात्री भट्टी न लावता जास्तीची पांघरुणे घेतली, आणि सहाव्या दिवशी उचलण्यापूर्वी ट्रक जवळ आणून जंपर केबल लावून इंजिन वीस मिनिटे चालू ठेवले. जॅक सुरळीत चालले. हाताचा दांडा गाडीत होता, पण लागला नाही.

आई रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठत असे. एका पायरीवरून खाली उतरून ती बाहेर खुर्चीत शाल घेऊन बसलेली असे, आणि आम्ही उठेपर्यंत तिने चहाचे आधण ठेवलेले असे. अस्वलांचा मुलूख असल्यामुळे बाहेर खाण्याचे काही ठेवायचे नाही हा नियम तिने आमच्यापेक्षा काटेकोरपणे पाळला. बिस्किटाचा पुडासुद्धा ती मोजून आत ठेवी.

चालतेघर (३ ऑगस्ट)

वाचून फार आनंद झाला. निघायच्या दिवशी चढवायला किती वेळ लागला ते लिहायचे राहिले.

माळरान (४ ऑगस्ट)

ठोकळे काढण्यापासून शेवटचा टर्नबकल आवळेपर्यंत ३५ मिनिटे लागली. पाऊस नव्हता. मागे घेताना पहिल्यांदा डावीकडे इंचभर चुकलो, म्हणून ट्रक पुन्हा पुढे काढून दुसऱ्यांदा घेतला. पत्नी खुणा करत होती आणि आई पायरी हातात धरून बाजूला उभी होती.